परदेशातला चार आठवड्यांचा योगशिक्षक वर्ग: जाऊ की नको?

प्रिय ताई,

मी 34 वर्षांची आहे, एका कंपनीत हिशेबाचं काम करते. गेली तीन वर्षं सकाळी तासभर योगाभ्यास करते, आठवड्यातले पाच दिवस तरी चुकवत नाही. फार वाईट काळात याच सवयीने मला सावरलं. आता यातच पुढे काहीतरी करावं, दुसऱ्यांना शिकवावं असं मनापासून वाटतं. परदेशात एका बेटावर 200 तासांचा, चार आठवड्यांचा योगशिक्षक प्रशिक्षण वर्ग आहे. राहणं-जेवण त्यातच, आणि शेवटी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. येत्या रविवारपर्यंत आगाऊ रक्कम भरली तर सवलत आहे. माझी बरीचशी बचत यात जाईल. महिन्याची रजा मिळणार नाही म्हणून राजीनामा द्यायचं मनात आहे. घरचे विचारतात, हे सगळं इथे राहून शिकता येत नाही का?

भीतीही वाटते. मला हनुमानासन (दोन्ही पाय पुढे-मागे सरळ पसरून बसणं) जमत नाही, शीर्षासन अजून भिंतीच्या आधाराने करते. काही महिन्यांपासून डाव्या बाजूला, बसायच्या हाडापाशी दुखतं, पण तिथे रोज इतका योग केल्यावर ते बरं होईलच. मी जाऊ का? तिथे नेमकं काय असतं?

– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

रविवारी पैसे भरू नका. असे वर्ग वर्षभर एकामागून एक चालू असतात. बाली, थायलंड, कोस्टा रिका, ऋषिकेश, कुठेही बघा, एक तुकडी संपते तोवर पुढचीची नोंदणी सुरू झालेली असते. रविवार टळला तर फार तर सवलत जाईल. आगाऊ रक्कम मात्र बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. आणि तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे की तिचा उलगडा झाल्याशिवाय तुम्ही कुठल्याच तुकडीत नाव घालू नये, असं मला वाटतं.

ती ओळ हनुमानासनाची नाही, बसायच्या हाडाजवळच्या दुखण्याची आहे. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण नियमित योग करणाऱ्यांमध्ये नेमकं या जागचं दुखणं मी पुष्कळदा पाहिलंय. मांडीच्या मागच्या स्नायूंची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची कंडरा बसायच्या हाडाला चिकटलेली असते. आपण कमरेतून खोल पुढे वाकतो तेव्हा ती कंडरा ताणली जाते आणि त्याच वेळी हाडावर दाबलीही जाते. उत्तानासन, पश्चिमोत्तानासन, हनुमानासन अशा आसनांचा मारा रोज झाला की ती चिडते. मग खुर्चीवर फार वेळ बसलं की दुखतं, पायऱ्या चढताना दुखतं, सकाळी पहिल्यांदा पुढे वाकताना खेचल्यासारखं होतं. माणसाला वाटतं, शीर आखडलीय, अजून ताणू या. ताणल्यावर घटकाभर बरं वाटतंही, आणि दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं. अशा कंडरेला खोल ताण काही काळ बंद करावा लागतो आणि हळूहळू वाढवत नेलेला ताकदीचा व्यायाम लागतो. स्नायूपेक्षा कंडरा फार सावकाश सुधारते, त्यामुळे हे काम काही महिन्यांचं असतं.

आता तिथला हिशेब बघा. आज तुमचा आठवड्याला पाच तास सराव आहे. अशा वर्गात दिवसातून दोनदा आसनांचा सराव असतो, प्रत्येक वेळी दीड ते दोन तास, आठवड्यातले सहा दिवस. म्हणजे पाच तासांचे एकदम अठरा ते चोवीस तास. धडधाकट शरीरालाही ही उडी जड जाते. विन्यास पद्धतीच्या, म्हणजे श्वासाबरोबर एकामागून एक आसनं करायच्या, एका सत्रात तीस-चाळीस वेळा चतुरंग दंडासन (हातांवर भार घेऊन, कोपरं वाकवून शरीर जमिनीला समांतर धरणं) सहज होतं. दिवसाला दोन सत्रं धरली तर महिन्याभरात तो आकडा हजाराच्या कितीतरी पुढे जातो. खांदे आणि मनगटं दुसऱ्या आठवड्यात बोलायला लागतात ती यामुळेच. आधीच दुखरी असलेली जागा तिथे बरी होईल ही आशा सोडून द्या. आधी फिजिओथेरपिस्टकडे जा, शक्यतो खेळाडूंना तपासणाऱ्याकडे, आणि कुठल्या आसनात, कोणत्या टप्प्यावर दुखतं ते त्यांना करून दाखवा.

हनुमानासन आणि शीर्षासनाची काळजी मात्र आजच सोडा. ती येत नाहीत म्हणून चांगल्या ठिकाणी कुणी तुम्हाला परत पाठवणार नाही. माणसामाणसाच्या खुब्याच्या खोबणीचा आकार, तिची खोली, मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन वेगवेगळा असतो. काहींचं पद्मासन पहिल्याच दिवशी लागतं, काहींचं वीस वर्षांनीही लागत नाही, आणि त्यात निष्ठेचा प्रश्न नसतो. हाडावर हाड टेकलं की ताणण्यासारखं काही उरतच नाही. पद्मासनात लागणारं वळण खुब्यातून यायला हवं. ते तिथून आलं नाही आणि पाऊल हाताने ओढून मांडीवर ठेवलं, तर ते वळण गुडघ्यातून काढलं जातं. गुडघा मुख्यतः वाकण्या-सरळ होण्यासाठी बनलेला आहे, त्यामुळे या पिळाची किंमत त्याच्या आतली कूर्चेची गादी मोजते. शरीररचनेच्या तासाला एवढं नीट समजलं तरी पुढे तुमच्यासमोर बसणाऱ्या कितीतरी लोकांचे गुडघे वाचतील. उलट, ज्या ठिकाणी ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत पाय ओढला जातो, तिथून उठून बाहेर पडलात तरी चालेल.

तुम्ही विचारलंय, तिथे नेमकं काय असतं. जाहिरातीत सूर्यास्ताच्या वेळी समुद्राकडे तोंड करून बसलेली माणसं दिसतात. प्रत्यक्षात 200 तास सहा दिवसांच्या चार आठवड्यांत बसवायचे तर दिवसाला आठ तासांच्या वर शिकणं होतं, आणि गृहपाठ वेगळा. पाच-साडेपाचला उठायचं, प्राणायाम आणि ध्यान, मग आसनं, नाश्ता, शरीररचना किंवा तत्त्वज्ञान, जेवण, शिकवण्याची पद्धत, पुन्हा आसनं, रात्री उद्याच्या पाठाची तयारी. सुट्टीच्या एका दिवशी बहुतेक जण कपडे धुतात आणि झोपतात. समुद्र असतो, पण तो तुम्ही खिडकीतूनच जास्त बघाल. खोलीत दुसरी कुणीतरी असते, तिची झोपायची वेळ वेगळी असते. हवा दमट असेल तर चटई वाळत नाही. पहिल्या आठवड्यात निम्म्या तुकडीची पोटं बिघडतात आणि कुणाला तापही येतो. तेव्हा बुडालेले तास कसे भरून देणार, हे आधीच विचारून ठेवा, कारण काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लावतात.

तत्त्वज्ञानाबद्दल थोडं सांगते, कारण तुम्हाला त्याची ओढ असावी असं पत्रावरून वाटलं. पतंजलींच्या योगसूत्रांचे चार पाद, म्हणजे प्रकरणं, आणि हठयोगप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ एवढं सगळं अनेकदा पाच-सहा दुपारींत उरकलं जातं. योगसूत्रांत प्रत्यक्ष आसनाबद्दल अवघी तीन सूत्रं आहेत, दुसऱ्या पादात. बाकीच्या ग्रंथाचा भर मुख्यतः चित्तावर आहे. ज्याचा विषय इतका सूक्ष्म आहे तो जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या तासात कितपत उतरणार? जायचं ठरलंच तर सूत्रांचं एखादं चांगलं भाषांतर निघण्याआधी एकदा संपूर्ण वाचा. मग तिथल्या तासांना तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील.

अशा वर्गांतून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट जाहिरातीत कधीच दिसत नाही. ती म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याचा सराव. मी काही वर्गांत शिकवायला जाते, आणि पहिल्या सराव-पाठाच्या वेळी माणूस कसा गोंधळतो ते दर तुकडीत बघते. ज्यांची आसनं बघत राहावीशी वाटतात अशी माणसंसुद्धा तिथे अडखळतात. वीरभद्रासन सांगायचं असतं. समोरच्यांना आरशासारखं दाखवायचं म्हणून स्वतः डावा पाय पुढे घ्यायचा आणि तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं, इथेच पहिली गडबड होते. मग ‘श्वास घ्या’ म्हटलं जातं आणि सोडायला सांगायचंच राहतं. समोरचे चार जण छाती भरून वाट बघत राहतात. तेवढ्यात एकीचा पुढचा गुडघा आत कलंडलेला दिसतो. तो सावरायला जावं तर बाकीच्यांना त्याच स्थितीत किती वेळ ठेवलंय याचं भान सुटतं, त्यांच्या मांड्या थरथरायला लागतात. शेवटी उजवी बाजू झाल्यावर डावी विसरली जाते. हे सगळं दहा मिनिटांत घडतं. मग शिक्षक शांतपणे सांगतात, कुठे शब्द जास्त झाले, कुठे नजर समोरच्यांवरून हटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पाठ. असे दहा-बारा पाठ झाले की माणसात खरोखर बदल दिसतो. आपण स्वतः आसन करणं आणि दुसऱ्याच्या शरीरात ते उतरताना बघणं यांतला फरक तेव्हा कळतो, आणि शिकवण्याची आवड आहे की केवळ करण्याची, हेही.

म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: मला स्वतःला किती वेळ शिकवायला मिळणार, आणि ते कोण बघणार? तीस जणांच्या तुकडीत दोन तासांचा सराव सगळ्यांत वाटला तर वाट्याला चार मिनिटं येतात. तुकडी पंधराची असेल, दोन-तीन अनुभवी शिक्षक पूर्ण वेळ हजर असतील आणि शेवटच्या आठवड्यात बाहेरच्या खऱ्या विद्यार्थ्यांचा एखादा पूर्ण वर्ग घ्यायला देत असतील, तर त्या ठिकाणाचा गांभीर्याने विचार करा. ज्या नावाजलेल्या शिक्षकांचा फोटो जाहिरातीत आहे ते चारही आठवडे तिथे असणार की उद्घाटनाला आणि समारोपाला, हेही स्पष्ट विचारा. आधीच्या तुकडीतल्या दोघांशी बोलायला मिळेल का विचारा, आणि वर्ग संपून वर्ष झालेली माणसं मागा. नुकतंच परतलेलं माणूस भारावलेलं असतं, त्याच्याकडून खरं चित्र मिळत नाही.

आता त्या ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रा’विषयी. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ असतो की ती शाळा योगा अलायन्सकडे नोंदलेली आहे. योगा अलायन्स ही 1999 साली सुरू झालेली अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे. ती शाळांची आणि शिक्षकांची नोंद ठेवते आणि अभ्यासक्रमाची किमान चौकट ठरवून देते. 200 तासांत आसन-प्राणायामाचं तंत्र आणि सराव 75 तास, शरीररचना 30, इतिहास-तत्त्वज्ञान-नीती 30, शिकवण्याची पद्धत आणि व्यवसायाची तयारी 50 तास, बाकीचे शाळेच्या मर्जीवर. प्रमाणपत्र शाळा देते. ते घेऊन तुम्ही त्या यादीत नाव नोंदवता, त्याची फी वेगळी असते आणि ती दर वर्षी भरावी लागते. हा काही सरकारी परवाना नाही. बहुतेक देशांत योग शिकवायला असा परवाना लागतच नाही. भारतात आयुष मंत्रालयाच्या पुढाकाराने 2018 साली योग सर्टिफिकेशन बोर्ड आलं. त्याच्या परीक्षा आणि पातळ्या वेगळ्या आहेत, आणि परदेशी शाळेच्या कागदाने त्या आपोआप मिळत नाहीत. आणखी एक गोष्ट: 200 तासांच्या जोरावर स्वतःला योगथेरपिस्ट म्हणवून घेऊ नका. योगा अलायन्सनेच 2016पासून आपल्या नोंदणीच्या आधारावर असा दावा करायला मनाई केली आहे.

योगा अलायन्सचे हेच 200 तास आता ऑनलाइनही करता येतात. मग केवळ त्या कागदासाठी एवढ्या लांब जाण्यात काही अर्थ नाही. घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: हो, शिकता येतं. पुष्कळ ठिकाणी शनिवार-रविवारचे वर्ग सात-आठ महिने चालतात. शरीराला दोन वर्गांमध्ये सावरायला वेळ मिळतो, शिकलेलं पुढच्या आठवड्यात एखाद्या मैत्रिणीवर करून बघता येतं, नोकरी शाबूत राहते. तुमचं दुखणं आणि तुमची बचत बघता माझा कल स्पष्टपणे याच बाजूला आहे.

तरीही निवासी वर्गाला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. स्वयंपाक नाही, ऑफिस नाही, कुणाची आजारपणं नाहीत, दिवसभर एकाच विषयात बुडून राहायचं, हे सुख कितीतरी माणसांना, त्यातही बायकांना, आयुष्यात एकदाही मिळत नाही. महिनाभराच्या निवासी वर्गाची ही घडण तशी जुनी आहे. स्वामी विष्णुदेवानंद यांनी 1969 साली शिवानंद परंपरेतला चार आठवड्यांचा शिक्षक प्रशिक्षण वर्ग सुरू केला, आणि पाश्चात्त्य देशांत आज दिसणाऱ्या वर्गांचा साचा बराचसा तिथून आला. तिथे आश्रमाची शिस्त होती, सेवेचं काम होतं, पहाटेचा सत्संग होता. दुसरीकडे अय्यंगार परंपरेत शिक्षक व्हायला वर्षानुवर्षं एका शिक्षकाकडे शिकावं लागतं आणि मग परीक्षा. मैसूरच्या अष्टांग परंपरेतही माणसं शिकवायची परवानगी मिळण्याआधी पुन्हा पुन्हा तिथे जाऊन सराव करत आली आहेत. एका महिन्यात शिक्षक घडतो असं या दोन परंपरांनी मानलेलं नाही. तेव्हा तुम्ही गेलात तर विद्यार्थिनी म्हणून जा, त्या महिन्याची मागणी तेवढीच ठेवा. ती पुरी होईल.

मनाबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही वाईट काळाचा उल्लेख केलाय. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास रडू येणं, चिडचिड होणं, गटात रुसवेफुगवे होणं हे जवळजवळ दर तुकडीत दिसतं. थकवा, अपुरी झोप, घरापासून दूर, आणि दिवसाकाठी दोन-तीन तास स्वतःच्याच आत बघायचं, मग असं होणारच. त्याला लगेच ‘शुद्धीकरण’ म्हणून गौरवणाऱ्यांपासून सावध राहा. पुष्कळदा माणसाला फक्त एक दिवस झोपायची गरज असते. तुमची नैराश्याची, चिंतेची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर तिथे जाऊन कुणाच्याही सांगण्यावरून ती बंद करू नका. जाण्याआधी डॉक्टरांना दिवसाचं वेळापत्रक दाखवा. तासन् तास ध्यान, जोराचा भस्त्रिका (भराभर श्वास घेणं-सोडणं), लांबवलेला कुंभक (श्वास रोखून धरणं) यांनी काही जणांचा त्रास वाढतो. पूर्वी मनाचा गंभीर आजार होऊन गेलेल्यांच्या बाबतीत तर ही काळजी फार महत्त्वाची आहे. तुम्ही तो वाईट काळ काय होता ते लिहिलं नाहीत आणि मी विचारतही नाही. तुमच्या डॉक्टरांना मात्र सांगा.

स्पर्शाविषयीही आधी लिहून विचारा. आसन सुधारण्यासाठी शिक्षक हात लावतात. चांगल्या ठिकाणी दर वेळी परवानगी घेतात, काही ठिकाणी चटईच्या कडेला ठेवायला कार्ड देतात, एका बाजूला होकार, दुसऱ्या बाजूला नकार. नकार दिल्यावर कारण विचारलं जाऊ नये. तक्रार कुणाकडे करायची, आणि ती व्यक्ती मुख्य शिक्षकाची नातेवाईक किंवा जोडीदार तर नाही ना, हे जाणून घ्या. मोठं नाव ही सुरक्षिततेची हमी नसते. तापवलेल्या खोलीतल्या ‘हॉट योगा’साठी प्रसिद्ध झालेले बिक्रम चौधरी यांचे नऊ आठवड्यांचे प्रशिक्षण वर्ग एके काळी जगभर गाजत होते, शेकडो जण एकत्र शिकायचे. त्यांच्या माजी कायदेविषयक सल्लागार महिलेने लैंगिक छळ आणि अन्यायाने कामावरून काढणं याबद्दल दावा लावला आणि 2016 साली लॉस एंजेलिसमधल्या ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला. तुम्ही परक्या देशात, तिथल्या शिक्षकाच्या हाती तुमचं प्रमाणपत्र, तिकीट महिन्यानंतरचं, अशा वेळी नाही म्हणणं नेहमीपेक्षा अवघड जातं. म्हणून परतीचं तिकीट बदलता येईल असं घ्या, आणि मधेच निघावं लागलं तर दोन-चार दिवस दुसरीकडे राहण्यापुरते पैसे वेगळे ठेवा. घरच्या एकाशी रोज बोलायचं ठरवून जा. जिथे महिनाभर फोन काढून घेतात, तिथे मी माझ्या माणसांना पाठवणार नाही.

खर्चाचं थोडक्यात सांगते. फीच्या बाहेर विमान, व्हिसा, विमा, एकटीची खोली हवी असल्यास जादा रक्कम, पुस्तकं आणि नंतरची नोंदणी एवढं सगळं असतं. अट्ठावीस दिवसांचा वर्ग आणि तीस दिवसांचा व्हिसा असेल तर उशिरा निघालेल्या एका विमानाने गणित बिघडतं. पर्यटक व्हिसावर प्रशिक्षण घेता येतं का, हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं. भारत आपल्या ई-पर्यटक व्हिसावर अल्पकालीन योग-अभ्यासक्रमाची स्पष्ट मुभा देतो, सगळे देश देत नाहीत. शाळेचं उत्तर पुरेसं मानू नका, त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत पानावर बघा. आणि वर्ग संपल्यावर ‘इथेच राहून थोडं शिकव, राहणं-जेवण फुकट’ असं कुणी सुचवलं तर पर्यटक व्हिसावर ते करू नका. पैसे घेतले नाहीत तरी पुष्कळ देशांत ते काम धरलं जातं. विम्यात शारीरिक प्रशिक्षणात झालेली दुखापत आणि भाड्याच्या दुचाकीचा अपघात धरलेत का, ते वाचून घ्या. आधीपासूनचं दुखणं बहुतेक विम्यांत धरत नाहीत, म्हणजे तुमची डावी बाजू पुन्हा आलीच.

राजीनाम्याबद्दल माझं मत ठाम आहे: देऊ नका. तुम्ही हिशेबाचं काम करता, तर हा हिशेबही कागदावर मांडा. ओळखीच्या तीन योगशिक्षकांना विचारा की एका तासाचे त्यांना प्रत्यक्षात किती मिळतात, आठवड्याला किती तास घेतात, सुट्ट्यांच्या महिन्यांत विद्यार्थी किती गळतात. त्यातून जागेचं भाडं आणि येण्या-जाण्याचा वेळ वजा करा. तुमच्या आजच्या पगाराएवढं मिळवायला आठवड्याला किती वर्ग लागतील ते निघेल, आणि तेवढे वर्ग एक शरीर आणि एक आवाज वर्षभर पेलू शकतं का, हेही समजेल. पहिल्या वर्षी प्रमाणपत्र हातात असलं तरी तुमच्याकडे येणारी माणसं ओळखीचीच असणार. एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मदतनीस म्हणून उभं राहायची संधी मिळाली तर ती बिनपगारी असली तरी घ्या, त्यातून 200 तासांपेक्षा जास्त शिकाल. खरं तर हे आजही सुरू करता येईल. तुमच्या सध्याच्या शिक्षकांना विचारा की महिनाभर वर्गाच्या कडेला बसून फक्त बघू का. रोज एकाच माणसाकडे बघा, तो कुठे श्वास धरतो, कुठे खांदे कानाशी नेतो. पंधरा दिवसांत तुमची नजर बदललेली असेल.

बिनपगारी रजा लेखी मागून बघितलीत का? पत्रात ‘मिळणार नाही’ एवढंच आहे, मागितली होती असं नाही. सहा-सात महिन्यांनंतरची तारीख दिली तर कंपन्यांना विचार करणं सोपं जातं. तोवर तुमची कंडरा कुठवर सुधारली हेही कळेल, आणि सराव हळूहळू वाढवत आठवड्याला दहा-बारा तासांपर्यंत नेता येईल. तेवढा सराव दुखण्याशिवाय पेलला आणि तरीही जावंसं वाटलं, तर निवासी वर्गाला जरूर जा. बेटावरच्या त्या शाळेला आजच पत्र टाका: शिकवण्याच्या सरावाचे तास, तुकडीतली संख्या, पूर्ण वेळ शिक्षक कोण, आजारी पडल्यास काय, रक्कम परत मिळण्याचे नियम, स्पर्शाबद्दलचं धोरण. उत्तर सविस्तर आलं तर नाव यादीत ठेवा, नुसती सवलतीची आठवण आली तर खोडून टाका.

फिजिओथेरपिस्टने काय सांगितलं ते मला नक्की कळवा. सकाळच्या तासात सध्या कुठली आसनं ठेवायची आणि कुठली बाजूला ठेवायची, ते मी त्यानुसार लिहून पाठवते.

तुमची ताई